तिसऱ्या अंकातलं तानाबाईचं बोलणं

ऋतिक, तो मोबाईल ठेव जरा बाजूला. मघापासून ऐकतोय मी तुम्हा तिघांचं. उद्या रविवार, कोणतं नाटक पाहायचं यावरून चाललंय. हे बोअर आहे, त्याच्यात दम नाही, ते तर भंगारच. पाहिलंस का तू ते? नाही ना? मग भंगार आहे हे कुठून कळलं? कोणीतरी लिहिलं म्हणून.

बस. आचल, दार लोटून घे, गार वारा येतोय. एका माणसाचं सांगतो. माझ्या भिंतीला भिंत लागून राहायचा, इथेच, सिंदी मेघेत. घडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी रात्री तो या खोलीत येऊन बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. माझ्या पदरचं त्यात काही नाही. मास्तरकीत चौतीस वर्षं गेली माझी, खोटं कोण बोलतंय ते आवाजावरून कळतं.

प्रफुल्ल त्याचं नाव. वर्ध्याच्या एका पेपरात होता. पेपरचं नाव घेत नाही. दर शुक्रवारी त्याचं सदर यायचं, वर त्याचा हसरा फोटो. 'शनिवार-रविवार काय पाहाल?' दिवाळी सरली, सोयाबीन घरात आलं, की आपल्याकडे गावोगावची मंडळं नाटकं बसवतात. कुठे तीन अंकी, कुठे नाचगाण्याची दंडार, इकडे शहरात एकांकिका. कुठल्या गावी, किती वाजता, पाहण्यासारखं आहे की नाही, हे प्रफुल्ल सांगायचा आणि लोक त्याचं मानायचे. त्यानं चांगलं म्हटलं की मैदान भरायचं. त्यानं नाक मुरडलं की मंडळाच्या पोरांनी आपल्याच मामा-मावश्यांना बोलावून बसवायचं.

पण एक होतं. दहातली दोन नाटकं तो पाहायचा. उरलेल्या आठांचं फोनवर विचारून घ्यायचा आणि घरी बसून लिहायचा. टोचून लिहिलेलं लोक चवीनं वाचतात, हे त्याला लवकर कळलं होतं. लेखणी होती त्याच्याकडे, खोटं नाही. तीच नडली.

तर शनिवार, चौदा डिसेंबर, साल दोन हजार चोवीस. दत्तजयंतीची रात्र. आंजीला एका मंडळाचं नाटक होतं. संपादकानं त्याला बजावलं होतं, "या वेळी फोटो पाहिजे. फोनवर भागवू नको." म्हणून प्रफुल्ल आठ वाजता जेवून निघाला. त्याची बायको रूपाली दारात उभी होती.

"स्वेटर आतून घातलं का? रस्त्यानं लय गारठा आहे."

"घातलं."

"लवकर येजा मंग."

"पहिला अंक झाला का निंगतो," तो म्हणाला आणि स्कूटर काढली.

आंजीला पोचला तर पडदा उघडायला अजून तास होता. आपल्याकडे नऊचं नाटक म्हणजे दहाला सुरू. मंडळाच्या अध्यक्षानं खुर्ची दिली, चहा दिला. पहिला अंक झाला, यानं चार फोटो काढले आणि सव्वाअकराला स्कूटरला किक मारली. पुढचे दोन अंक त्याच्या डोक्यात लिहून झालेले होते.

रात्र कशी होती ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल अवस असेल. अवस नव्हती. लख्ख चांदणं होतं. रस्त्याकडेच्या कपाशीची बोंडं मोजता यावीत इतकं. मफलरमधून दातांना गार लागत होतं. चार-पाच किलोमीटर आला असेल, तोच उजव्या हाताला, थोडं आत, एक दिवा दिसला. आणि माणसाचा आवाज. गप्पांचा नाही. नाटकातला. छातीतून काढलेला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा.

प्रफुल्लनं स्कूटर हळू केली. इथे आज नाटक? यादीत तर नाही. दुसऱ्या पेपरवाल्याला मिळालं आणि आपल्याला नाही, असं तर नाही ना? या एवढ्याशा चुटपुटीनं त्यानं स्कूटर आत वळवली.

गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं आहेत अजून.

समाजमंदिराला लागून मैदान. मैदानाच्या टोकाला सिमेंटचा ओटा, गावातला रंगमंच म्हणतात तो. ओट्यावर एक बल्ब आणि बल्बाखाली एक म्हातारा. धुतलेला पांढरा सदरा, वर बिनबाह्यांचं स्वेटर, हातात शाळेची दोनशे पानी वही. उजवीकडे बघत तो कोणाला तरी दरडावत होता. उजवीकडे कोणी नव्हतं. मैदानातही कोणी नव्हतं. मधोमध फक्त एक लाल प्लास्टिकची खुर्ची.

तालीम असेल, प्रफुल्लच्या मनात आलं. म्हाताऱ्यानं त्याला पाहिलं, वही मिटली.

"या साहेब. बसा."

"मले वळखता का तुमी?"

"दर शुक्रवारी फोटू पाहातो ना. आंजीवरून पेपर आणतो मी, खास तुमचं वाचाले. आपला पोरगा लिहून राह्यला म्हणून."

प्रफुल्लला बरं वाटलं. तो खुर्चीवर बसला. आणि मग त्याची नजर ओट्याच्या मागच्या भिंतीवर गेली. निळ्या अक्षरांत मंडळाचं नाव, खाली गावाचं नाव.

दोन्ही नावं त्याच्या ओळखीची होती.

आता मागचं सांगावं लागेल. बरोबर एक वर्ष मागचं, दोन हजार तेवीसचा डिसेंबर. याच मंडळानं नाटक बसवलं होतं. नाव 'हक्कसोड'. बहिणीच्या वाट्याची जमीन भाऊ कागदावर सही घेऊन आपल्या नावावर करून घेतात, त्याची गोष्ट. लिहिणारा, बसवणारा आणि भावाचं काम करणारा एकच, हा म्हातारा. लहानू त्याचं नाव. बहिणीचं काम त्याची बायको तानाबाई करायची. बहीण पंचविशीची आणि तानाबाई साठीला टेकलेली. बाहेरून नटी आणण्याची त्यांची ऐपत नव्हती, आणि तानाबाईला ते काम कोणाला द्यायचंही नव्हतं.

प्रफुल्लनं फोनवर एवढंच ऐकलं, की नायिका साठीची आहे. झालं. शुक्रवारी त्यानं लिहिलं, 'साठीच्या आजीबाई पंचविशीची नायिका रंगवणार आहेत. थंडीत कुडकुडत हे पाहण्यापेक्षा घरी पांघरूण घेऊन पडलेलं बरं.' लोक खो-खो हसले. आजूबाजूच्या गावांतल्या मोबाईलवर ते फिरलं. नाटकाच्या रात्री मैदान भरलं, पण नाटक पाहायला नाही. तानाबाई रंगमंचावर आली की शिट्टी. तोंड उघडलं की कोणीतरी ओरडायचं, "आजी, पांघरूण घे!"

तिनं तिन्ही अंक केले. शेवटपर्यंत उभी राहिली.

प्रफुल्ल त्या रात्री घरीच होता. पण सोमवारच्या पेपरात त्यानं नाटक कसं झालं तेही लिहिलं. मंडळातल्या एकाला फोन केला, थोडं स्वतःचं घातलं. 'शेवटचा संवाद तर नायिकेनं असा ताणला, की प्रेक्षकांना चपला सापडेनात.' असं.

त्यानंतर तानाबाई अंगणाबाहेर पडली नाही. विहीर नाही, दुकान नाही, पौर्णिमेची बुद्धवंदनाही नाही. माघात खोकला धरला, छातीत उतरला. सावंगीच्या दवाखान्यात भरती केलं. दहाव्या दिवशी गेली. मंडळाच्या पोरांनी पेपरात बातमी दिली, ती प्रफुल्लच्याच टेबलावर आली. दोन ओळी छापल्या त्यानं. तिचं नाव छापलं ताराबाई.

त्या लहानूसमोर हा आता खुर्चीवर बसला होता.

"मी निंगतो काकाजी," प्रफुल्ल उठत म्हणाला. "उशीर झाला."

"बसा. एकच काम हाय." म्हातारा ओट्याच्या कडेला आला. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच प्रफुल्लला भय वाटलं. "पेपरात चार वेळा फोन केला मी. तुमी भेटले नाई. चिठ्ठी टाकली. मिळाली का?"

मिळाली होती. न फोडता फेकली होती.

"नाई मिळाली."

"हं. तिचं नाव तानाबाई होतं, साहेब. जाऊ द्या ते. मले दुसरं इचाराचं हाय." लहानूनं वही उघडली, बल्बाकडे धरली. "हे पाहा. तिसऱ्या अंकातलं शेवटचं पान. कोरं हाय. सारं नाटक मी लिहिलं, हे पान तिनं मले लिहू नाई देल्लं. म्हणे, इथचं मी माह्या मनानं बोलन. काऊन, म्हटलं. तं म्हणे, मी खरंच देल्ली होती सही. पस्तीस वर्साआधी, भावाइले. तवा काईच बोलली नाई. आता बोलन."

तो थांबला. लांब कुठेतरी पंपाचा आवाज येत होता, तोही बंद पडला.

"तालमीत एकदाही नाई बोलली ते. म्हणे, नाटकाच्या रातीच आयका. अन् त्या राती माह्यं शेवटचं बोलणं झालं का मी आत जाऊन पडद्याची दोरी धरून उभा. लोकाइचा असा गिल्ला, असा गिल्ला... तिचं तोंड हालताना दिसून राह्यलं होतं मले. आवाज नाई आला. घरी आल्यावर इचारलं. म्हणे, झालं ते बोलून. आता पुन्हा नाई बोलत. मरेपर्यंत नाई बोलली."

"गावात कोणाले..."

"साऱ्या गावाले इचारलं. हासणाऱ्याले काय आयकू येते? मंग तुमचं ध्यानात आलं. तुमी लिहिलं होतं ना, शेवटचा संवाद लय ताणला म्हणून. म्हंजे तुमी आयकलं. पूर्ण आयकलं." म्हातारा ओट्यावरून खाली वाकला. डोळे लहान पोरासारखे झाले होते त्याचे. "काय बोलली हो ती?"

प्रफुल्ल त्या कोऱ्या पानाकडे पाहू लागला.

"मी तिथवर म्हणून दाखवतो. म्हंजे तुमाले आठवन. ती गेल्यापासून हेच करून राह्यलो मी, पौर्णिमेच्या पौर्णिमेले. तिच्या बोलण्याची जागा सोडतो. एकदा तरी आयकू येईन म्हणून."

आणि लहानू मागे सरला. ताठ उभा राहिला. आवाज बदलला त्याचा, तिसऱ्या अंकातला भाऊ झाला.

"बाई, कागद आणला हाय. सही केली का माहेर राह्यलं. नाई केली तं तुटलं."

मग गप्प. तानाबाईच्या वाक्याला लागेल तेवढा वेळ.

"कोणाच्या भरवशावर भांडून राह्यली तू? कोण हाय तुह्यं?"

गप्प.

"बोल बाई. काय म्हणनं हाय तुह्यं, ते आज बोल. सारे आयकून राह्यले."

आणि तो थांबला. वही खाली घेतली. प्रफुल्लकडे पाहू लागला.

आता प्रफुल्लच्या मनात काय आलं, तेही त्यानं माझ्यापासून लपवलं नाही. त्याच्या मनात आलं, की चार वाक्यं रचायला आपल्याला कितीसा वेळ लागतो? एक चांगलं भाषण देऊन टाकू म्हाताऱ्याला. तोही सुखी, आपणही सुटलो. इतकी वर्षं दुसरं काय केलं?

त्यानं घसा साफ केला.

"त्या म्हणाल्या..."

मागे मैदानात कोणीतरी खाकरलं.

त्यानं वळून पाहिलं. कोणी नाही. चांदण्यात खडा न् खडा दिसत होता.

"त्या म्हणाल्या, का दादा, मले जमीन नको..."

चटक.

शेंग फोडल्याचा आवाज. भुईमुगाची शेंग. मग दुसरी, थोड्या अंतरावर. मग तिसरी... चटक... चटक. सतरंजी सरकवल्यासारखं काहीतरी सरपटलं. विडीचा वास आला. थंडीत बसलेल्या पुष्कळ माणसांच्या घोंगड्यांचा वास.

लहानूचं त्याकडे लक्षच नव्हतं. पुढे झुकून, हाताचा कान करून तो वाट पाहत होता.

"जमीन नको... अन्?"

"अन्... म्हणाल्या, मले फक्त तुमची माया..."

मागून कोणीतरी हसलं.

मोठ्यानं नाही. तोंडावर पदर धरून हसतात ना, तसं. मग आणखी एक. मग बायका-पोरं. मग पुरुष. मानेच्या मागे, हाताच्या अंतरावर. श्वास लागत होता केसांना. ऊन.

प्रफुल्लला वळायचं होतं. मान वळेना.

"साहेब?" लहानू म्हणाला.

शिट्टी. लांब. कर्कश.

आणि मग एक आवाज. पोराचा.

"आजी, पांघरूण घे!"

त्याचंच वाक्य. त्याच्याच लेखणीतलं. सगळं मैदान फुटलं हसायला... आणि लहानूच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्याला काहीच येत नव्हतं ऐकू. काहीच.

प्रफुल्लचे हात खुर्चीला चिकटले होते. डोळ्यांतून पाणी. हसणं थांबेना. वाढतच गेलं. आणि मग तो बोलला. त्यालाच कळलं नाही, कसं ते.

"काकाजी... मी आलोच नवतो."

हसणं थांबलं.

एकदम. सुरीनं कापल्यासारखं.

"काय?" लहानू म्हणाला.

"त्या राती. मी आलोच नवतो नाटकाले. घरी होतो. मी... काईच नाई पाह्यलं. काईच नाई आयकलं. नुसतं लिहिलं."

बल्ब जळण्याची बारीक गुणगुण ऐकू यावी, इतकं शांत.

आणि मग...

ओट्यावर, उजवीकडे, जिथे मघापासून लहानू कोणाला तरी दरडावत होता तिथे, एका बाईनं श्वास घेतला.

बोलण्याआधी घेतात तसा.

"दादा..."

थकलेला आवाज. पंचविशीचा व्हायची धडपड करणारा. पण खणखणीत. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. प्रफुल्ल म्हणाला, "सर, अंगावर काटा आला, पण भीतीनं नाही. इतकी चांगली नटी होती ती. एका शब्दात कळलं मला."

"दादा, आज..."

आणि मैदान उठलं.

शिट्ट्या. टाळ्या. आरोळ्या. डबे वाजवल्यासारखं काहीतरी. पांघरूण घे, पांघरूण घे, पांघरूण घे... ती बोलत होती. त्यातूनच बोलत होती. त्याला आवाज येत होता, शब्द येत नव्हते. एक शब्द लागला, असं वाटायचं... की वरून लोंढा यायचा हसण्याचा. तो पुढे झुकला. कान दिला. जीव कानात आणला. नाही.

"चूप बसा!" तो ओरडला. उभा राहिला. गर्रकन मागे वळला. "आयकू द्या! आयकू द्या ना तिचं!"

मागे चांदणं होतं. रिकामं मैदान. दुसरं काही नाही.

तो परत ओट्याकडे वळला, तोवर तिचं शेवटचं तेवढं कानावर पडलं.

"...एवढंच म्हणनं हाय माह्यं."

आणि संपलं.

लहानू त्याच्याकडे टक लावून पाहत होता.

"काऊन ओरडले साहेब?"

त्यानं ओट्याच्या उजवीकडे बोट केलं.

म्हाताऱ्यानं त्या बोटाकडे पाहिलं. मग रिकाम्या जागेकडे. मग परत प्रफुल्लकडे. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. प्रफुल्ल म्हणाला, बाकीचं पुसट होईल, पण तो चेहरा नाही.

"आली का ती?" अगदी हळू विचारलं त्यानं. "बोलली?"

"...हो."

"तुमाले आयकू आला आवाज?"

"हो, काकाजी."

लहानू ओट्याच्या कडेवर बसला. पाय खाली सोडले.

"ती गेल्यापासून मी येथं येऊन बसतो," तो म्हणाला. "चाळीस वर्सं संसार केला तिच्यासंगं. मले एकदा आवाज नाई देल्ला. अन् तुमाले आयकवून गेली."

प्रफुल्ल खाली मान घालून उभा.

"बरं. काय बोलली?"

आता काय सांगणार? खोटं सांगायची हिंमत उरली नव्हती. खरं सांगायला काही नव्हतं.

"गोंधळ होता, काकाजी. लोक हासत होते. मले... मले नाई कळलं. फक्त दादा म्हणाल्या, अन् शेवटी, एवढंच म्हणनं हाय माह्यं."

"मधातलं?"

"मधातलं नाई कळलं."

लहानू हसला. प्रफुल्ल म्हणाला, ते हसणं मैदानातल्या हसण्याहून वाईट होतं.

"गोंधळ. हं. त्या रातीबी गोंधळच होता." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. वही काखेत मारली. "घरी जा साहेब. शुक्रवारचं लिहाचं असन तुमाले."

आणि त्यानं बल्ब बंद केला.

प्रफुल्ल घरी कसा आला, त्याला माहीत नाही. रूपालीनं दार उघडलं, तेव्हा घड्याळात दीड वाजला होता. रविवारभर तो तापानं फणफणला. सोमवारी तसाच उठून पेपरात गेला आणि जे केलं होतं ते सगळं कागदावर लिहून संपादकापुढे ठेवलं. न पाहता लिहिलं, दोनदा लिहिलं, नाव चुकवलं. भुताचं त्यात काही नव्हतं. नुसतं स्वतःचं.

संपादकानं वाचलं आणि कागद परत केला. "वर्षभराचं जुनं कोण वाचतं रे? मंडळही बंद पडलं ते. जागा नाही."

म्हणजे पाहा. टोचून लिहायला जागा होती.

प्रफुल्लनं नोकरी सोडली. आता नागपूरला एका शाळेत कारकून आहे. रूपाली अधूनमधून फोन करते माझ्या घरी. म्हणते, घरी कोणी टीव्हीवर हसलं तरी हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. सदर बंद नाही झालं. शुक्रवारी येतं अजून, वर दुसऱ्या पोराचा फोटो. तो किती नाटकं पाहतो, मला ठाऊक नाही. ऋतिक, तू मघा वाचत होतास ते तेच.

लहानूनं नाटक लिहिणं सोडलं. ओट्यावर आता गाव तुरी वाळवतं.

भास झाला असेल, असंच मी प्रफुल्लला म्हणालो होतो. मन खात होतं, थंडी होती, रात्र होती. माणसाला काय वाट्टेल ते ऐकू येतं. पण तो म्हणाला, थांबा सर. आणि त्यानं खिशातून मोबाईल काढला.

माझ्याकडे आला त्याच दिवशी, मंगळवारी, तो लिहिलेला कागद घेऊन त्या गावी जाऊन आला होता. लहानू भेटला नाही, शेतावर गेला होता. त्याची मुलगी सरिता भेटली. तिनं कागद घेतला, वाचला, घडी केली. मग तिनंच विचारलं.

"शनवारी राती बाबासंगं कितीजण होते तुमी?"

"मी एकटाच."

"खोटं नका सांगू."

रविवारी समाजमंदिरात पौर्णिमेची वंदना होती. म्हणून शनिवारी दिवेलागणीला सरितानं सगळं मैदान झाडून त्यावर पाण्याचा सडा टाकला होता. पहाटे पाचला ती दिवा लावायला आली आणि दारातच उभी राहिली. सुकत आलेल्या मातीवर खुणा होत्या. सतरंज्यांची वीण उमटलेली. मांडी घातलेल्या जागा. टाचांचे ठसे, मोठ्यांचे, लहानांचे. शे-दीडशे माणसं. तिनं ओट्यावर चढून फोटो काढून ठेवला होता. प्रफुल्लनं तो आपल्या मोबाईलवर घेतला होता. मी पाहिला, या डोळ्यांनी.

मधोमध ती लाल खुर्ची. तिच्या मागे खुणा होत्याच. पण डावीकडेही होत्या. उजवीकडेही. पुढेही... खुर्ची आणि ओट्याच्या मध्ये, जिथे त्या रात्री बल्बाचा उजेड पडत होता आणि प्रफुल्लला नुसती जमीन दिसत होती, तिथे सगळ्यांत दाट. इतक्या जवळ, की गुडघ्याला गुडघा लागावा. गोल करून बसलेली माणसं. प्रत्येकाचे पाय खुर्चीकडे वळलेले.

रंगमंच पाहायला बसलेलं त्यात एकही नव्हतं.